चिठ्ठी हरली, फी बुडली नाही

ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडणार म्हणून लंडनमधल्या दोन युरोपीय संस्था हलवायच्या होत्या: एक औषधांची, एक बँकांवर देखरेखीची. आयर्लंडच्या शासनाने डब्लिनसाठी दोन्हींवर दावा सांगितला. औषध संस्थेवरचा दावा मतदानाआधीच मागे घेतला. 20 नोव्हेंबर 2017 ला बँक संस्थेसाठी डब्लिन आणि पॅरिसला समान मतं पडली. चिठ्ठी टाकली, ती पॅरिसची निघाली.

अशा दाव्यांसाठी शासनं बाहेरचे सल्लागार नेमतात. चिठ्ठी हरली तरी त्यांची फी बुडत नाही. निवडीच्या निकषांत कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या शाळा होत्या, जोडीदाराच्या नोकऱ्या होत्या. म्हणजे संसाराचा भार शासनाला कळतो, पण कोणाचा?

याच आयर्लंडने 2012 पासून एकट्या पालकांच्या भत्त्यासाठी मुलाची वयोमर्यादा घटवत 2015 मध्ये 7 वर्षांवर आणली. हे पालक बहुतेक बायकाच.

भत्ता मागणाऱ्या बाईने प्रत्येक कागद दाखवायचा आणि सल्लागाराने काहीच नाही?

मैत्रिणींनो, आपल्याकडेही शासन सल्लागार नेमतं. 2005 चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. कोणाला नेमलं, किती पैसे दिले, हाती काय आलं? विचारूया. बालवाडीला पैसा नाही, हे उत्तर त्यानंतरच ऐकून घेऊ.