बीज आपल्याच मातीतले, मग रोप परके का?

किहीमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेल्या मुलाला वाडीला कुंपण किती लागेल, असे विचारले तर तो पावलांनी मोजून अचूक उत्तर देईल. तोच मुलगा नववीच्या बाकावर बसतो आणि फळ्यावर उदाहरण येते: 'एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने अधिक असून तिचे क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर आहे, तर रुंदी किती?' त्याची लेखणी थबकते. हेच उदाहरण इंग्रजीतून आले, तर बाग, लांबी, रुंदी हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले सारे विश्वच परके होऊन जाते. मग सूत्र पाठ करावे, गाईडमधले उत्तर उतरवावे आणि परीक्षेपुरते निभावून न्यावे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो.

हा दोष मुलाच्या बुद्धीचा नाही. तो आपल्या शिक्षणदृष्टीचा आहे आणि त्याहून अधिक आपल्या न्यूनगंडाचा आहे.

वास्तविक या उदाहरणात अवघड ते काय? रुंदी 'क्ष' मानली, तर लांबी 'क्ष अधिक १०'. क्षेत्रफळ 'क्ष वर्ग अधिक १० क्ष'. ही झाली बहुपदी. तिची किंमत ६०० आहे असे म्हटले, की समीकरण उभे राहते. अवयव पाडले, की दोन किमती मिळतात: २० आणि उणे ३०. वाडीची रुंदी उणे असत नाही, म्हणून उत्तर २०. यातील खरी कसोटी अवयव पाडण्याची नाही. वाक्य वाचून त्यातील अज्ञात राशी ओळखणे आणि शेवटी आलेल्या उत्तराला पुन्हा व्यवहाराच्या दगडावर घासून पाहणे, ही खरी कसोटी होय. ही दोन्ही कामे भाषेची आहेत. जी भाषा घरी कधी बोललीच गेली नाही, त्या भाषेतून ती कशी साधणार?

आणि ही विद्या आपल्याला कोणी बाहेरून आणून दिली आहे काय? ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' सिद्ध करणाऱ्या भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या भागात अव्यक्त राशींना 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक', 'पीतक' अशी नावे योजली. एका वर्णाची राशी त्याच वर्णाच्या राशीत मिळवता येते. भिन्न वर्णांच्या राशी वेगळ्याच मांडाव्या लागतात. सरूप पदांची बेरीज होते, विरूप पदांची होत नाही, हा नववीतला नियम दुसरा काय सांगतो? त्याच्याही पाच शतके आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने धन, ऋण आणि शून्य यांच्या व्यवहाराचे नियम बांधून दिले होते.

शाब्दिक उदाहरणांचे तर विचारायलाच नको. भास्कराचार्यांच्या लेखी ती शिक्षा नव्हती, रसास्वाद होता. कर्णाशी लढणाऱ्या अर्जुनाने अर्धे बाण कर्णाचे बाण रोखण्यात वेचले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे टिपले, सहा शल्यावर सोडले, तिघांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य छेदले, एकाने मस्तक. तर बाण किती? उत्तर १००. महाभारत ऐकत वाढलेल्या मुलासमोर हे वर्गसमीकरण ठेवले, तर तो पळून जाईल की पुढे सरकेल?

दुसरे उदाहरण त्याहून मार्मिक आहे. वानरांच्या कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले, एक बाहेर दिसतो. तर वानर किती? समीकरण सोडवले की ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. पाचाचा पाचवा हिस्सा एक; त्यातून तीन वजा केले की ऋण राशी उरते. ऋण संख्येचे वानर ही गोष्ट लोकव्यवहाराला मान्य नाही, म्हणून भास्कराचार्य ५ हे उत्तर बाजूला सारतात. किहीमच्या वाडीच्या उदाहरणात 'उणे ३०' सोडून देताना लागतो तोच हा विवेक. आठ शतकांपूर्वी तो शिकवला जात होता आणि आज आपण मुलांना नुसते 'सूत्रात किमती घाल' असे सांगतो.

रायगडच्या किनाऱ्याला तर हा वारसा अधिकच जवळचा. किहीमहून दक्षिणेला अलिबाग, रेवदंडा, काशीद ओलांडले, की मुरूडच्या अलीकडे नांदगाव लागते. 'ग्रहलाघव'कार गणेश दैवज्ञांचे नंदिग्राम ते हेच, असे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी दाखवून दिले. १५२० साली 'ग्रहलाघव' रचणाऱ्या याच गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. त्या टीकेचा प्राण आहे उपपत्ती. नियम सांगून ते थांबत नाहीत, तो का खरा हे पटवून देतात. आपली परंपरा म्हणजे केवळ घोकंपट्टी, असा आरोप उठताबसता करणाऱ्या विद्वानांनी ही टीका एकदा उघडून पाहावी. मात्र मुरूडचा किल्ला पाहायला जाणाऱ्या शाळेच्या सहलींत नांदगावी उतरून या गणितज्ञाचे नाव घेणाऱ्या सहली किती असतील?

पूर्वीच्या समाजाने ही विद्या कशी जपली, याची साक्ष चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख देतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला. त्याला राजाने दान दिलेच, पण घाण्यामागे पळीभर तेल आणि बाजारातल्या ग्राहकाकडून पोफळेही लावून दिली. हा मजकूर त्या लेखात मराठीत कोरलेला आहे. गणिताच्या पाठशाळेचा भार तेली आणि बाजारकरू उचलत होते! ती विद्या समाजाची होती, म्हणून समाज तिचा पोशिंदा होता.

आज चित्र काय आहे? २०१७ साली आलेल्या 'बालभारती'च्या नववीच्या गणितात तिसरे प्रकरण 'बहुपदी' हे आहे. किती नेमका शब्द! बहु म्हणजे अनेक, पद म्हणजे पद. अभंगाच्या चरणांशी आणि सप्तपदीशी नाते सांगणारा. मराठी मुलाला तो उच्चारताच अर्ध्याहून अधिक कळतो. पण 'सेमी इंग्रजी'च्या वर्गात त्याला 'पॉलिनॉमिअल' घोकावा लागतो, ज्याचा एकही अवयव त्याच्या ओळखीचा नाही. मराठी शाळा टिकवण्यासाठी ही तडजोड आवश्यक होती, पुढे अभियांत्रिकीला इंग्रजीच लागते, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. इंग्रजी उत्तम यावीच. ती भाषा म्हणून उत्तम शिकवा, पारिभाषिक शब्द शेजारी ठेवा. परंतु आकलनाचा पाया परभाषेत घालण्याचा हट्ट कशासाठी? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत व पुढेही मातृभाषेचा पुरस्कार केला. २०२१ पासून अभियांत्रिकीची पदवीही मराठीतून घेण्याची वाट मोकळी झाली. शासन एक पाऊल पुढे टाकत असताना पालकच दोन पावले मागे जात असतील, तर दोष मेकॉलेला किती काळ देणार?

आपल्या घरातल्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 'सारे काही आमच्याकडे होतेच' असे व्यासपीठावरून सांगून मुलाला बहुपदी येत नाही. वेगवान गुणाकाराच्या युक्त्या शिकवल्या म्हणजे गणित शिकवले, असेही नव्हे. वेग म्हणजे आकलन नव्हे. बुद्धी हेच खरे बीज, ही भास्कराचार्यांची शिकवण आहे. त्यांचा अभिमान बाळगणाऱ्याने उपपत्तीचा आग्रह धरला पाहिजे. नाही तर तो अभिमान भिंतीवरच्या तसबिरीसारखा, वर्षातून एकदा हार घालण्यापुरताच उरेल.

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा नाही. किहीमच्या आसपास मुंबईकर धनिकांचे बंगले उभे राहिले, गुंठ्यागुंठ्याने वाड्या विकल्या गेल्या. ४० गुंठ्यांचा एकर, १०८९ चौरस फुटांचा गुंठा, त्यावरचा भाव, बयाणा, हप्ते, व्याज. हा सारा व्यवहार म्हणजे एक भले मोठे शाब्दिक उदाहरणच आहे. ज्याला ते मांडता येते तो अटी घालतो. ज्याला येत नाही तो सही करतो. भूमिपुत्राच्या पोराला समीकरण मांडता न येणे हे त्याच्या भूमीलाच महागात पडते.

म्हणून गावोगावच्या अभ्यासिका आणि संस्कारवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ गणिताला द्यावी. पुस्तकातले उदाहरण आधी मिटून ठेवावे, मुलाला ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे आणि मगच 'क्ष' लिहू द्यावा. मुलांनी आपल्या वाडीवर, होडीवर, बाजारावर स्वतः उदाहरणे रचावीत. घरी आई-वडिलांनी 'किती गुण मिळाले?' याऐवजी 'हे असे का?' एवढे विचारावे. पाटणच्या घाणेवाल्याने पळीभर तेल दिले होते. आपण आठवड्यातील एक तास देऊ शकत नसू, तर भास्कराचार्यांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय?