सरपंच हवा की पुजारी?

परवा फराळाच्या ताटावरून आमच्या घरी लहानसे रणच माजले. निमित्त गावच्या सरपंचाच्या निवडणुकीचे. उभे राहिलेल्या दोघांपैकी एक निवृत्त शिक्षक. माणूस सरळ, हिशेबाला चोख. पण देव मानीत नाही, आणि विचारले तर तसे तोंडावर सांगतो. मामांनी चकली मोडता मोडता निकाल देऊन टाकला, "ज्याला देवाचे भय नाही, तो गावाच्या पैशाला काय भिणार?"

"मामा, तुम्हाला सरपंच निवडायचा आहे की पुजारी?" मी म्हणालो. मामा रागावले. सणाच्या दिवशी वडील माणसाला उलटून बोलू नये, असे आईने डोळ्यांनीच बजावले, म्हणून मी गप्प बसलो. त्या वेळी गिळलेले बोलणे आता इथे लिहितो.

मामांचा प्रश्न जुना आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने तो सहा वर्षे चघळला. १८८० साली नॉर्दॅम्प्टनहून चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा नास्तिक निवडून आला. देवाच्या शपथेऐवजी मला साधी प्रतिज्ञा करू द्या, एवढेच त्याचे मागणे. सभागृह म्हणाले, नाही. बरे, नियमच असेल तर शपथ घेतो, असे तो म्हणाला, तेव्हा उत्तर मिळाले की तुझा देवावर विश्वास नाही, तुझी शपथ आम्हाला नको! त्याला एक रात्र घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडले. १८८१ साली तर सभागृहातून अक्षरशः ओढून बाहेर काढले. मतदारही हट्टी. त्यांनी पोटनिवडणुकांत त्यालाच पुनःपुन्हा निवडून धाडले. अखेर १८८६ साली त्याला जागा मिळाली, आणि १८८८ साली शपथेऐवजी प्रतिज्ञा चालेल असा कायदा त्यानेच पुढाकार घेऊन करून घेतला.

आता मला सांगा, त्या दाराने अडवले कोणाला? ब्रॅडलॉ गप्प राहून शपथ पुटपुटला असता, तर त्याचे मन उघडून पाहायला कोण येणार होते? तो अडला तो खरे बोलला म्हणून. श्रद्धेची चाळणी अशी विचित्र आहे की तिच्यातून लबाड खुशाल गळून आत जातो आणि प्रामाणिक तेवढा वर अडकून राहतो. लबाडाला शपथ म्हणजे दाराची कडी नव्हे, किल्ली आहे!

हे नास्तिकांनाच पटले असेही नाही. पंतप्रधान ग्लॅडस्टन मोठे धर्मनिष्ठ गृहस्थ. पण १८८३ साली प्रतिज्ञेची सवलत देणाऱ्या विधेयकाची बाजू त्यांनीच मांडली. ते अवघ्या तीन मतांनी पडले. हाच ब्रॅडलॉ पुढे पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू इतक्या तळमळीने मांडू लागला की १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात त्याचा मोठा सन्मान झाला. सन्मान करणाऱ्यांत देवभक्त काही थोडे नव्हते. त्यांनी त्याचे काम पाहिले, देवघर पाहिले नाही.

आणि इंग्लंडपर्यंत जायला तरी कशाला हवे? आपल्या आगरकरांची पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण त्या माणसाच्या सचोटीवर बोट ठेवणे त्यांच्या वैऱ्यालाही साधले नाही.

आपल्या राज्यघटनेने हा वाद कधीच मिटवला आहे. मंत्र्याने ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यावी किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करावी. दोन्हींचे मोल सारखेच. सोळावे कलम सांगते की सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करता येणार नाही. मात्र धार्मिक संस्थेच्या कारभारातील पदावर त्याच धर्माचा माणूस हवा, असा कायदा करता येतो. किती शहाणी वाटणी आहे! देवळात श्रद्धा विचारा, चावडीवर हिशेब विचारा.

पण भयाचे काय, असे मामा विचारतील. मामा, परवाच आपण वहीपूजन केले. पहिल्या पानावर 'श्री' लिहिला. पण व्यापारी त्या 'श्री'वर भरवसा ठेवून बेरीज करायचे सोडतो काय? 'श्री' त्याच्या मनाच्या समाधानासाठी, बेरीज गिऱ्हाइकासाठी. गावाच्या पैशाला राखण हवी ती पावतीची, तपासणीची आणि ग्रामसभेत उभे राहून जाब विचारणाऱ्या बायामाणसांची. ठसठशीत गंध लावून तागडीत मारणारे दुकानदार आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

उलट बाजूही तितकीच खरी. दुसरा उमेदवार रोज पूजा करतो, म्हणून त्याला मागासलेला म्हणून हिणवणारे आमचे काही तरुण मित्र मामांचेच धाकटे भाऊ शोभतात! नास्तिकपणा हाही काही सचोटीचा दाखला नव्हे. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: तुमच्यासारखे न मानणाऱ्याच्या वाडीला नळ आणि दिवा वेळेवर मिळेल ना? श्रद्धा असो वा अश्रद्धा, ती पंचायतीच्या वहीत उतरू लागली, तर मात्र खुशाल आडवे व्हा.

१८९१ च्या जानेवारीत ब्रॅडलॉ मरणाच्या दारात असताना, त्याला प्रतिज्ञा नाकारणारा आपला जुना ठराव पार्लमेंटने दप्तरातून काढून टाकला. फार उशिरा सुचलेले शहाणपण! मामांना इतका उशीर होऊ नये, म्हणून हा अंक त्यांच्याकडे धाडणार आहे. सोबत आईच्या हातच्या चकल्यांचा डबा आहेच.