आवाज येतो, शब्द येत नाहीत

"किती वॉटचा घेताय?"

घरी गाणं ऐकायला आणि सिनेमा बघायला एक बरा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आहे, असं मी चार लोकांत बोललो आणि चौघांनीही मला हाच प्रश्न विचारला. स्थळ सांगून आलं की आधी "पगार किती?" विचारायचं, त्यातलाच हा प्रकार. स्वभाव, घराणं, तब्येत हे सगळं मागाहून! मी जन्मभर मराठी शिकवलं, विज्ञान माझा विषय नाही. तरीही ठामपणे सांगतो, हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर मिळत नाही, हे सांगायला मास्तरच लागतो असं नाही.

माझीच फजिती आधी सांगतो. निवृत्तीनंतर हौसेने एक 'होम थिएटर' आणलं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५००० वॉट पीएमपीओ. साबणाच्या डब्यांएवढे पाच स्पीकर आणि धडधडणारं एक खोकं. दुकानात हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, काचा फुटल्या, मी खूश! घरी एकदा सहज ते उलटं केलं तर मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं, वीज लागते ६० वॉट. आता सांगा मंडळी, भिंतीतून ६० घ्यायचे आणि सतत ५००० द्यायचे, हा चमत्कार कुठल्या संतांनी केला? आपल्या घरातला साधा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला फार तर १३८० वॉट देऊ शकतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा त्या प्लगलाही झेपणारा नव्हता. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य अशी रीतच नाही. ज्याने त्याने मनाला येईल तो आकडा छापावा.

या आकड्यांच्या बाजाराला अमेरिकेत १९७४ सालीच वेसण घालावी लागली होती. वॉट कसे मोजायचे याचा नियम तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२४ साली तो आणखी कडक केला. तरी पळवाटा काढणारे असतातच. नामांकित रिसीव्हरच्या माहितीपत्रकातही १०० वॉट असं ठळक छापतात आणि खाली बारीक अक्षरांत, एकच चॅनेल चालू असताना, एकाच पट्टीच्या सुरावर, १० टक्के विकृती धरून! १० टक्के विकृती म्हणजे गवयाचा घसा बसलेला असताना मोजलेली त्याची ताकद. विकत घेताना विचारायचं ते हे की सर्व चॅनेल एकदम चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्टीत, स्वच्छ आवाजात किती? विक्रेता गप्प झाला की समजावं.

आता लागतात तरी किती? गणित आठवीच्या पोराला कळेल असं आहे. साधारण चांगला स्पीकर एक वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो. आपण बसतो दहा फुटांवर. अंतरामुळे आवाज घटतो, पण दोन स्पीकर असतात आणि खोलीच्या भिंतीही थोडा परत देतात. तेव्हा आपल्या खुर्चीपाशी एका वॉटला सुमारे ८० डेसिबल धरा. आपण घरात गाणं ऐकतो ७०-७५ला. म्हणजे पाव-अर्ध्या वॉटमध्ये मल्लिकार्जुन मन्सूर तुमच्या हॉलमध्ये गातात! तबल्याची थाप किंवा सिनेमातला स्फोट क्षणभर २० डेसिबल वर उडी मारतो. त्याला शंभरपट ताकद लागते, म्हणजे पंचवीस ते पन्नास वॉट. झालं. आपल्या १० बाय १५च्या हॉलला प्रामाणिक पन्नास वॉट भरपूर झाले. पन्नासाचे शंभर केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतील इतके. आवाज दुप्पट भासायला वॉट दहापट लागतात. पन्नास आणि शंभर यांत पाच-दहा हजारांचा फरक देणाऱ्याने काय विकत घेतलं, याचा विचार त्याने करावा.

पण हे सगळं मी वॉटच्या रागाने लिहीत नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि तो थोडा स्वतःवरही आहे.

ते ५००० वॉटचं खोकं घरात आल्यापासून आमच्या सौ.नी हळूहळू सिनेमा बघणं सोडलं. "कंटाळा येतो" म्हणायची. मला वाटलं, वय झालं, आवड गेली. एकदा जब्बार पटेलांचा 'सामना' लागला होता. निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर, तेंडुलकरांचे संवाद. हिने पाच वेळा विचारलं, "काय म्हणाला?" आणि सहाव्यांदा न विचारता उठून स्वयंपाकघरात गेली. मी चिडून ओरडलो, "अजून किती मोठा करू?" तर म्हणाली, "आवाज येतो हो. शब्द येत नाहीत."

कानाच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, आणि स, श, फ, थ ही आपली व्यंजनं नेमकी तिथेच असतात. स्वर खालच्या पट्टीत, ते ऐकू येतात. चाळीस वर्षं फळ्यावर बाराखडी लिहिणाऱ्या माझ्या घरात व्यंजनं हरवत होती आणि मी स्वरांचा आवाज वाढवत बसलो होतो! आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं, स्फोट वाढतात, शेजारी वाढतात (म्हणजे दारात येतात), आणि शब्द तिथेच बुडालेला.

या वेळी मात्र खरेदीआधी दोघा जाणकारांशी भांडलो. एक माझा जुना मित्र, रेकॉर्डींचा भक्त. त्याच्या मते दोनच स्पीकर, एक शुद्ध स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, सिनेमा हा गौण प्रकार. दुसरा भाचा. "मामा, घ्यायचंच तर सात चॅनेलचं घ्या, छतातसुद्धा स्पीकर लावू." मित्राला मी म्हटलं, स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आली १९५८ साली. तू ज्या जुन्या ७८च्या तबकड्यांवर जीव टाकतोस त्या मोनो आहेत, तेव्हा दोन स्पीकरचं सोवळं मला सांगू नकोस. भाच्याला म्हटलं, आम्ही बघतो ते जुने मराठी सिनेमेही बहुतेक मोनोच. छतातून काय ऐकू, पाल?

पण दोघांच्याही म्हणण्यात एकेक तथ्य होतं. मित्राचं तथ्य असं की आधी चांगले स्पीकर निवडावेत, ते किती ओहमचे आहेत बघावं, आणि मग त्यांना पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. चार ओहमचा स्पीकर जास्त करंट मागतो, हलका अ‍ॅम्प्लिफायर तिथे धापा टाकतो. भाच्याचं तथ्य जास्त मोलाचं निघालं. आजच्या सिनेमात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, आणि रिसीव्हरमध्ये तेवढाच एक स्पीकर तीन-चार डेसिबलने वर करता येतो. बाकी गलका आहे तिथेच राहतो. रात्री मोठे आवाज दाबून धरण्याची सोयही त्यात असते. शुद्ध स्टिरिओवाल्याकडे हे नाही.

म्हणून घेतला पाच चॅनेलचा मध्यम किमतीचा रिसीव्हर, आणि जोडले तीनच स्पीकर. पैसे घातले ते स्पीकरमध्ये. मागची दोन भोकं रिकामी आहेत. भाचा आला की त्यांच्याकडे पाहून हळहळतो. गाण्याच्या वेळी एक बटण दाबलं की फक्त दोन स्पीकर वाजतात, तंबोऱ्याची आस शेवटपर्यंत ऐकू येते. मित्र आला की तो ते ऐकून मान डोलावतो, मात्र मधल्या स्पीकरकडे बघत नाही.

दुकानात जाताना एकच करा. त्यांचं हेलिकॉप्टर ऐकू नका. घरी जो ऐकणार आहे त्याला बरोबर न्या, त्याच्या ओळखीचं गाणं आणि दोन माणसं नुसती बोलताहेत असा प्रसंग लावायला सांगा. आवाज हळू ठेवा. आणि त्याला विचारा, काय म्हणाला? सांगता आलं तर घ्या, नाही तर पुढच्या दुकानात जा.

मागच्या रविवारी आम्ही 'सामना' पुन्हा लावला. ही शेवटपर्यंत बसली. मध्येच एका वाक्याला मीच विचारलं, "काय म्हणाला गं?" तिने सांगितलं.

माझाही कान दाखवून यायला हवा. असो.