‘वय झालं’ हे काही निदान नव्हे

सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, गरीब असोत की सुखवस्तू, आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. २९ ऑक्टोबरला योजना सुरूही झाली. कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार! चांगलंच झालं. पण यात एक गोम आहे. हे पैसे मिळतात ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आजींचं काहीतरी बिनसलंय हे ओळखणं, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते ठरवणं, या तपासणीला हो म्हणायचं की नको, हे सगळं त्याच्या आधी घडतं, आणि घोळ होतो तो तिथेच. हे ओळखायचं काम बहुतेक घरांत कुणाकडे असतं, ते मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नको.

आता नेरूळमधलं सारसोळे घ्या. पाम बीच रस्त्यापलीकडे खाडी आणि जेट्टी, अलीकडे जुनं कोळ्यांचं गाव, आणि त्याला वेढून सिडकोच्या इमारती. जन्मभर मासळीच्या पाट्या उचललेली बाई दुखणं सहजी बोलून दाखवत नाही. ‘काय नाय गो, वय झायला,’ म्हटलं की संपलं. शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेची भाषा वेगळी, पण म्हणणं तेच. आणि घाईतला डॉक्टरही तेच म्हणाला, की मग विचारायलाच नको.

खरं तर म्हातारपणात आजार वेष पालटून येतो. लघवीला जंतुसंसर्ग झालाय, पण ना ताप ना जळजळ. आजी नुसत्या बरळतात किंवा दोनदा पडतात. न्यूमोनिया असतो, पण खोकला नावालाच. हृदयविकाराचा झटका येतो, तोही छातीत कळ न येता. नुसती धाप, मळमळ, गळून जाणं. मधुमेही बायकांत तर हे फारच. पंधरा दिवसांपूर्वी डोक्याला लागलेला किरकोळ मार सगळे विसरून गेलेले असतात, आणि आत हळूहळू रक्त साचत असतं.

स्मृतिभ्रंशाचंही तसंच. देशातल्या साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना तो असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचं प्रमाण जास्त. पण स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढत जातो. परवापर्यंत पापलेटाचा भाव तोंडपाठ असलेल्या आजी आज सुनेला ओळखत नाहीत, सकाळी बऱ्या आणि संध्याकाळी भ्रमिष्ट, हा डिलिरियम. त्यामागे संसर्ग असेल, सोडियम उतरलं असेल, लघवी तुंबली असेल किंवा नवं औषध अंगावर आलं असेल. कारण सापडलं तर पुष्कळदा माणूस सुधारतो. म्हणून डॉक्टरांना ‘विसरतात’ एवढंच सांगू नका. ‘मंगळवारपासून’ असं सांगा. त्या एका शब्दाने तपासाची दिशा बदलते.

आणि औषधं! रक्तदाबाच्या एका गोळीने पाय सुजतात. सुजेसाठी लघवीची गोळी येते. मग रात्री चारदा उठणं, अंधारात पडणं, आणि खुब्याचं हाड मोडणं. पहिली गोळी बदलली असती तर पुढचं टळलं असतं. सर्दीची साधी वाटणारी गोळीही या वयात भ्रम आणू शकते. हृदयाचा डॉक्टर वेगळा, साखरेचा वेगळा, गुडघ्याचा तिसराच. एकच औषध दोन नावांनी पोटात जातं आणि कुणाला पत्ता नसतो. बारीक अंगाच्या म्हातारीचं क्रिएटिनिन कागदावर ‘नॉर्मल’ दिसतं, पण स्नायूच कमी असल्याने तो आकडा फसवा. मूत्रपिंडं थकलेली असू शकतात, आणि गोळीचा डोस मात्र धडधाकट माणसाचा. यावर उपाय अगदी घरगुती आहे. काढे, भुकट्या, झोपेच्या गोळ्या, सगळंच्या सगळं पिशवीत भरून वर्षातून एक-दोनदा एकाच डॉक्टरसमोर ओता.

दुसरं टोकही आहेच. काहीही झालं की एमआरआय. नव्वदीच्या माणसाच्या तपासणीआधी विचारावं, ‘यात काही निघालं तर आपण काय वेगळं करणार?’ उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर निदान घाई तरी करू नये. आणि हे ठरवताना पेशंटला विचारायचं की नाही? तपासणीच्या खोलीत डॉक्टर बोलतात मुलाशी, आजी बसतात भिंतीकडे बघत. त्यांना ऐकू येत नसेल तर जवळ बसून सावकाश सांगा, पण सांगा.

वृद्धांच्या वैद्यकशास्त्रातलं एमडी आपल्याकडे १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झालं. तरीही हे तज्ज्ञ आजही मोजकेच. तोवर महापालिकेला एक करता येईल. नवी मुंबईत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेतच. तिथे कॅरम आणि वर्तमानपत्रं असतात, तसा महिन्यातून एकदा एक डॉक्टर निवांत बसावा. झोपवून आणि उभं करून रक्तदाब बघावा, चालून दाखवायला सांगावं, पिशवीतल्या गोळ्या तपासाव्यात. एकेका माणसाला अर्धा तास तरी द्यावा. याला लागणारा पैसा खुब्याच्या एका शस्त्रक्रियेपुढे फार नाही. नगरसेवक मत मागायला दारात येतील तेव्हा गटाराबरोबर हेही त्यांच्या कानावर घाला.