युनियनमध्ये जा, पण डोकं गहाण ठेवू नका!

मुंबई–अहमदाबाद महामार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो. आपली आदिवासी आणि बौद्ध पोरं आधी क्लीनर होतात, मग लायसन काढून ट्रकवर बसतात. बहुतेकांच्या नशिबी शेठचा तोंडी हुकूमच असतो. ज्या थोड्यांना युनियन असलेल्या कंपनीत नोकरी लागते, त्यांना पहिल्याच दिवशी दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "युनियनपासून लांब राहा." दुसरा म्हणतो, "नेता सांगेल तिथे सही कर." आमच्या मते दोन्ही सल्ले गुलामीचे आहेत.

संघटना आपल्याला परकी नाही. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांसोबत संपात उतरला. मजूरमंत्री असताना 1943 मध्ये, मालकांनी कामगार संघटनांना मान्यता दिलीच पाहिजे असं विधेयक बाबासाहेबांनीच मांडलं. आणि मे 1945 मध्ये तलासरीतल्या झरी गावात वारली बांधवांनी वेठबिगार नाकारली, तेव्हा त्यांच्यासोबत असलेले शामराव परुळेकर हे कधीकाळी स्वतंत्र मजूर पक्षाचेच आमदार होते.

म्हणून नव्या चालक मित्रांना आमचं सांगणं असं. नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका. तुम्ही कंपनीचे की ठेकेदाराचे, हे त्यातच कळतं. पगाराची पावती दर महिन्याला मागा आणि पीएफ खरोखर जमा होतो का ते मोबाईलवर बघा. गाडी कधी निघाली, कधी पोचली, किती तास उभी राहिली, हे स्वतःच्या वहीत लिहा. मोटार कामगारांसाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा 1961 च्या कायद्याने घातली होती. पण तास लिहिलेच नाहीत, तर भांडणार कशावर?

जादा माल भरायला सांगितलं तर आधी युनियनला कळवा. चालक स्वतः मालक नसेल, तर ओव्हरलोडिंग मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 113 मध्ये आहे. एकटा चालक हे बोलला तर त्याला घरी बसवतात. शंभर जण बोलले तर ऐकावं लागतं. जानेवारी 2024 मध्ये देशभरच्या चालकांनी चाकं थांबवली. त्यामुळेच 1 जुलै 2024 ला न्यायसंहिता लागू होताना, अपघातानंतर पळाल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षेचं 106(2) हे कलम बाजूला ठेवावं लागलं.

आता युनियनबद्दल. वर्गणी द्या, पण पावती घ्या. सभेला जा, हिशोब विचारा. करारावर सही होण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या गाडीवरचा क्लीनर आणि माल चढवणारा हमाल युनियनचे सभासद आहेत का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी ते ठेकेदाराचे असतात, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच पाड्यातले, आपल्याच वस्तीतले असतात.

मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागे. युनियन त्यावर गप्प होती. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी याचा जाब कामगार पुढाऱ्यांना विचारला. पर्मनंटच्या पगारवाढीसाठी गर्जणारी आणि ठेक्यावरच्या माणसाबद्दल मुकी होणारी युनियन आजही तोच जुना विटाळ पाळते आहे.

तुम्ही काल क्लीनर होता. आज सभासद झालात, तर पहिल्या सभेत पहिला प्रश्न त्याच्यासाठी विचारा. तो आत आला नाही, तर उद्या तुमच्या जागी ठेक्यावरचा चालक बसवणं मालकाला सोपं जाईल.

जय भीम! जय संविधान!