धोका आढळून आला नाही

शासकीय मराठीत एक वाक्य असे आहे की ज्याला कर्ता नाही, मुदत नाही आणि ज्याचा अर्थ वाचणारा बहुधा चुकीचाच लावतो. ‘पाहणीत धोका आढळून आला नाही’ हे ते वाक्य. आपण ते वाचतो तेव्हा मनात ‘धोका नाही’ असे उमटते. वाक्य तसे म्हणत नसते. कोणीतरी, कधीतरी, काहीतरी पाहिले आणि त्या पाहण्यात धोका नजरेस पडला नाही, एवढेच ते सांगते. ‘नाही’ आणि ‘आढळला नाही’ यांतले अंतर व्याकरणाच्या तासाला सांगण्यासारखे आहे. महाडला मात्र त्या अंतराची किंमत माणसांनी मोजली.

२ ऑगस्ट २०१६. महाबळेश्वरच्या माथ्यावर धो धो कोसळलेले पाणी पोलादपूरच्या खोऱ्यातून सावित्रीत उतरले होते आणि महाडजवळ नदी दुथडी भरून वाहत होती. मुंबई–गोवा महामार्गावरचा १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल रात्री साडेअकराच्या सुमारास कोसळला. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या एसटीच्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहने त्या काळोखात नदीत गेली. सुमारे चाळीस माणसे बुडाली. शोधपथकांना पहिली बस सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला. काही मृतदेह नदीने पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेले होते.

विधिमंडळाचे अधिवेशन तेव्हा चालू होते. पुलाची पाहणी मे महिन्यातच झाली होती आणि तीत पूल धोकादायक असल्याचे आढळले नव्हते, असे तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सभागृहाला सांगितले. या निवेदनात खोटे काही नव्हते, आणि आमच्या मते भयंकर गोष्ट तीच आहे. पाहणी न झाल्यामुळे पूल पडला असता तर दोष सोपा होता. येथे नियम होता, नियमाप्रमाणे पाहणी होती, पाहणीची नोंद होती. एवढे सगळे जागच्या जागी असताना पूल तेवढा जागेवर राहिला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी पुलांच्या पाहणीविषयी बोलावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पाहणी संपते त्या क्षणी पूल मागे राहतो आणि पुढे सरकतो तो एक मजकूर. मंत्रालयात, सभागृहात आणि चौकशी आयोगापुढे हजर होतो तो मजकूरच. आणि मजकूर वाचणे, त्यात काय लिहिले आहे याबरोबर काय लिहिलेले नाही हे पाहणे, हाच तर आपला व्यवसाय आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करू. मराठीत ‘पाहणी’ हा शब्द अभियंता पुलाखाली उतरतो त्यालाही लागतो आणि मंत्री पूरग्रस्त भागातून मोटारीने फिरून जातात त्यालाही लागतो. ‘तपासणी’त हात लावणे आहे, ठोकून बघणे आहे, संशय आहे. ‘पाहणी’त नजर फिरवणे पुरेसे होते. ‘स्ट्रक्चरल ऑडिट’साठी आपण घडवलेला प्रतिशब्द तर अजाणता सत्य बोलून गेला आहे. ‘संरचनात्मक लेखापरीक्षण’ म्हणजे लेख्याचे परीक्षण! पुलाचे नव्हे, त्याच्या कागदाचे. दगडी कमानीच्या जुन्या पुलाचे मरण बहुधा पाण्याखाली, पायाशी असते. पुराचे पाणी खांबाच्या बुडातली माती खरवडून नेते आणि वरचा रस्ता शेवटच्या रात्रीपर्यंत जसाच्या तसा दिसतो. कठड्यावरून केलेली पाहणी अशा पुलाला सुरक्षित म्हणेल, आणि कठड्यापुरते ते खरेही असेल. म्हणून काय आढळले यापेक्षा कोठपर्यंत पाहिले हा प्रश्न आधीचा ठरतो. त्याचे उत्तर आपले अहवाल क्वचितच देतात.

एका शब्दाने केवढा अनर्थ होतो याचा लख्ख पुरावा महाडपासून फार दूर, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सापडतो. विषय कच्च्या तेलाच्या नळाचा आहे, पण तो आपल्याला परका नाही. मुंबई हायचे कच्चे तेल समुद्राखालच्या नळांतून येते ते आमच्या रायगड जिल्ह्यातल्याच उरणला. जमिनीखालच्या नळाची तपासणी करायला त्याच्या पोटातून एक यंत्र सोडतात. ते तेलाबरोबर पुढे सरकत नळाची जाडी, झीज, भेगा टिपत जाते. मग विश्लेषक त्या नोंदी वाचतो आणि प्रत्येक खुणेला एक नाव देतो. म्हणजे शेवटी प्रश्न वाचनाचाच.

एन्ब्रिज या कंपनीच्या ‘६ बी’ या नळाची अशी तपासणी २००५ साली झाली. यंत्राने आपले काम चोख बजावले. चार फुटांहून लांब खूण त्याने नोंदवली. विश्लेषकाने तिला ‘भेगेसारखे काही’ या वर्गात घातले. वास्तविक ती ‘भेगांचा पट्टा’ या वर्गातली होती. पट्टा म्हटले असते तर कंपनीच्याच निकषाने तेथे खोदून नळ उघडून बघावा लागला असता. ‘भेगेसारखे काही’ म्हटल्यामुळे ते टळले. २५ जुलै २०१० रोजी मार्शल या गावाजवळ नळ नेमका तेथेच फुटला. नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे वाजत होते, पण त्यांचाही अर्थ चुकीचा लावून पंप दोनदा पुन्हा सुरू केले गेले. सतरा तासांहून अधिक काळ कोणाला पत्ता नव्हता, आणि तेल ओढ्यातून कॅलामाझू नदीत उतरत राहिले. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली दिलेल्या अहवालात कंपनीला झोडपलेच, शिवाय नियामक संस्थेचे नियम संदिग्ध आणि देखरेख दुबळी होती, हेही स्पष्ट लिहिले. जगातल्या सर्वांत संपन्न देशात, सर्वांत महागड्या यंत्राने पाहिलेली भेग एका विशेषणाने झाकली गेली.

दोन्ही घटनांत आणखी एक साम्य आहे आणि ते आम्हांला फार बोलके वाटते. मार्शलची गळती अखेर कळली ती कंपनीबाहेरच्या, स्थानिक गॅसपुरवठा संस्थेच्या एका कर्मचाऱ्याने फोन करून कळवल्यामुळे. महाडला पूल पडल्याचे पहिल्यांदा ध्यानात आले ते जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या. मागून येणारी वाहने त्या पावसात त्याने अडवली म्हणून मृतांचा आकडा तेथेच थांबला. ज्यांना पाहण्याचा पगार मिळत होता त्यांना दिसले नाही, आणि ज्याचा पाहणीशी संबंध नव्हता त्याला दिसले. हा योगायोग म्हणून सोडून देणे बरे नव्हे. यंत्रणा जे पाहते ते आपल्या रकान्यांतून पाहते. बाहेरच्या माणसापुढे रकाना नसतो, समोरची नदी असते.

आता अंमलबजावणीकडे वळू. पूल ज्या खात्याच्या ताब्यात, त्याची पाहणीही त्याच खात्याने करायची, ही आपली जुनी रीत. तेलाच्या क्षेत्रातही सुरक्षिततेचे मानदंड ठरवणारे आणि त्यांची तपासणी करणारे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ साली स्थापन झाले ते पेट्रोलियम मंत्रालयाच्याच छत्राखाली. सरकारी तेल कंपन्याही त्याच छत्राखाली उभ्या आहेत. कारखान्यांच्या बाबतीत तर वारे उलट दिशेनेच वाहत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षाविषयक संहितेने १९४८ चा कारखाने अधिनियम मागे सारला आणि निरीक्षकाच्या पदनामाला ‘सुविधा करून देणारा’ असे शेपूट जोडले. ज्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये औषधांच्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, तेथे या नव्या पदनामाचा अर्थ काय लावायचा? शब्दांना अर्थ असतो असे मानणाऱ्यांनी या जोडशब्दाकडे काणाडोळा करू नये.

केवळ जुन्या बांधकामांचा हा प्रश्न आहे असे कोणी म्हणू नये. महाडमधीलच काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि सोळा माणसे गेली. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. विकासक, वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. यातल्या प्रत्येकाची सही कोठेतरी असतेच. ती सही माणसाला बांधत नाही, केवळ फाईल पुढे सरकवते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अभियंते म्हणतील की, पुराचे बळ आधी मोजता येत नाही, शंभर टक्के हमी कोणतीही तपासणी देऊ शकत नाही, आणि घटनेनंतर शहाणपण सुचणे सोपे असते. हे सारे आम्हांला मान्य आहे. पण नेमके म्हणूनच अहवालाने हमीचा आव आणता कामा नये. ‘पाण्याखालचा पाया तपासलेला नाही’ हे एक वाक्य लिहायला विज्ञानाची कोणती मर्यादा आड येते? ते वाक्य लिहिले की पुढच्या माणसाला निर्णय घ्यावाच लागतो: पाणबुड्या उतरवायचा, की पुरात पूल बंद ठेवायचा, की धोका पत्करायचा. न लिहिले की कोणालाच काही करावे लागत नाही. आपल्या कर्मणी प्रयोगाची सोय ती हीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे सांगण्यात आले. यादीत नसणे म्हणजे सुरक्षित असणे, हा अर्थ त्या यादीला कोणी दिला?

अर्थात नुसते लिहून भागत नाही, हेही पुण्याजवळच्या कुंडमळ्याने दाखवले आहे. इंद्रायणीवरचा तेथील लोखंडी पूल धोकादायक आहे असे फलक सांगत होता. १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीखाली तो पडला आणि चार जण मृत्युमुखी पडले. महाडला मजकूर धोका सांगत नव्हता, कुंडमळ्याला सांगत होता. दोन्हीकडे मजकुरामागे माणूस उभा नव्हता.

मग कायद्याचा मजकूर अंमलात येतो तरी कसा? याचे सर्वांत मोठे उत्तर महाडनेच देशाला दिलेले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद परिपूर्ण होता. तळ्याचे पाणी मात्र तीन वर्षे त्या कागदाला शिवले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्याशी गेले आणि ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे नगरपालिकेने आपला ठराव फिरवलाही, आणि न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. मानवी प्रतिष्ठेच्या त्या लढ्याची आणि पुलाच्या पाहणीची बरोबरी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण नियम करणे आणि नियम जगणे यांत केवढी वाट असते, आणि ती कोणाला चालावी लागते, हे महाडखेरीज कोणी अधिक जाणत नसेल.

सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्या वेगाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण पूल बांधण्याचा विक्रम होतो तसा पूल सांभाळण्याचा होत नाही, कारण सांभाळण्याचे उद्‌घाटन नसते. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी त्याच्या शेवटच्या तपासणीचा फलक असावा, शुद्ध आणि कर्तरी मराठीत: कोणी तपासला, कोणत्या दिवशी, कोठपर्यंत उतरून, काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक संस्थांनी कोणी न मागता माहिती प्रसिद्ध करावी असे २००५ पासून सांगतेच आहे. म्हणजे ठराव येथेही झालेला आहे.

तोवर आपण शिक्षकांनी एवढे करावे. पुढच्या वर्षी प्रयोग शिकवताना ‘रामाने रावण मारला’ हे वाक्य एक दिवस बाजूला ठेवावे. फळ्यावर ‘पाहणीत धोका आढळून आला नाही’ असे लिहावे आणि कर्ता शोधायला सांगावे. महाड-पोलादपूरच्या वर्गांतली मुले रोज तोच पूल ओलांडतात. त्यांना तो प्रश्न कळायला वेळ लागणार नाही.