मालाला नाव देणे हाही एक पेशा आहे

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक माल मागते आणि जुना मुनीम वर न पाहताच नेमक्या फळीवर हात घालतो. कोणता माल कशाशेजारी ठेवायचा, हे त्याच्या डोक्यात पक्के असते. हीच विद्या आज संगणकावर पगाराची नोकरी झाली आहे. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी इकडे लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते.

ऑनलाइन बाजारात फळी नसते. तेथे प्रत्येक नगासोबत त्याची जात, कच्चा माल, माप, रंग, गाव ही माहिती नोंदवावी लागते. तिला मेटाडेटा म्हणतात, आणि वर्ग-पोटवर्गांच्या रचनेला टॅक्सॉनॉमी. एक गिऱ्हाईक 'अत्तर' शोधते, दुसरे 'इत्र'. दोघांनाही एकाच मालापर्यंत कोणीतरी पोहोचवावे लागते. हिमरूची शाल नुसत्या 'शाल' या सदरात टाकली, तर ती स्वस्त शालींच्या ढिगात हरवते आणि विणकराची मेहनत वाया जाते.

ही विद्या आपल्याला परकी नाही. बगदादच्या इब्न अल्-नदीम यांनी इ. स. ९८७-८८ मध्ये 'अल्-फिहरिस्त' ही अरबी ग्रंथांची सूची दहा प्रकरणांत रचली. ते स्वतः ग्रंथविक्रेते होते, असे मानले जाते. आपल्या देशात एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. विषयाकडे पाच अंगांनी पाहावे, ही त्यांची शिकवण. मालालाही ती लावता येते : वस्तू शाल, द्रव्य सूत व रेशीम, क्रिया विणकाम, स्थळ औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), काळ हिवाळा. आपला विणकर हे रोज बोलतो. फक्त लिहीत नाही.

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला आणि बिलावरचा एचएसएन क्रमांक सर्वांच्या परिचयाचा झाला. तोही १९८८ पासून लागू असलेल्या जागतिक वर्गीकरणावर आधारलेला आहे. त्याचे पहिले ६ आकडे जगभर समान असतात. प्रकरण ६४ पादत्राणांचे, तर ३३ सुगंधी द्रव्यांचे.

ज्यांना हा पेशा धरायचा आहे, त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यावी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून ती दुकान सांभाळूनही घेता येते. जोडीला स्प्रेडशीट, डेटाबेस आणि कामापुरते इंग्रजी हवे. ऑनलाइन विक्रीच्या कंपन्या, प्रकाशनसंस्था, वृत्तपत्रांचे संग्रह, औषध कंपन्या या सर्वांना अशी माणसे लागतात.

एक इशारा मात्र द्यायला हवा. नुसते रकाने भरण्याचे काम आता यंत्र करू लागले आहे. त्यावर आयुष्य उभारू नये. वर्ग कसे पाडायचे हे ठरविणारा आणि यंत्राची चूक पकडणारा टिकेल. मश्रू आणि साधे रेशीम यांतला फरक ज्याच्या बोटांना कळतो, तो येथे नुसत्या पदवीधराच्या पुढे जाईल.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, मुलगा किंवा मुलगी शिकली म्हणजे दुकानाशी नाते तुटले, असे समजू नका. या सुट्टीत दुकानातील शंभर नगांची यादी त्यांच्याकडून करून घ्या आणि प्रत्येक नगाची पाचही अंगे लिहायला लावा. चुका तुम्ही दाखवा. आपल्या मालाचे नाव आपण ठरविले नाही, तर ते दुसरा कोणीतरी ठरवील, आणि भावही त्याच नावाने ठरेल.